पैलवाडीचा निकाल

मागे उभे आहात त्यांनी पुढे या. सतरंजीवर जागा आहे. आणि दाराजवळचा तो पंखा कुणीतरी बंद करा, फार घरघरतोय. माझा आवाज आज तसाही लांब जायचा नाही.

आप्पा, शैलावहिनी, कारखान्यातली मंडळी, कॉलनीतली मंडळी. रविवारची दुपार मोडून तुम्ही सगळे आलात. मिलिंदला इतकी माणसं बघून अवघडल्यासारखं झालं असतं. चारपेक्षा जास्त लोक समोर असले की तो चष्मा काढून पुसत बसायचा.

मी प्रमोद. सातपूरला एकाच कारखान्यात आम्ही लागलो, तो ड्रॉइंग सेक्शनला आणि मी मशीन शॉपवर. चौदा वर्षं झाली त्याला.

मला इथे उभं केलंय खरं. पण मंडळी, मला काही होत नाहीये. गैरसमज करून घेऊ नका. मिलिंद गेला त्याला आज बारा दिवस झाले. वहिनींचा फोन आला, 'भाऊजी, हे गेले.' मी म्हणालो, 'बरं.' बरं म्हणालो मी, वहिनी. मग गाडी काढली. अमरधामला जाऊन लाकडं बघितली, नाव नोंदवलं, इगतपुरीहून येणाऱ्या माणसांना कुठे उतरायचं ते सांगितलं. सगळं व्यवस्थित केलं. घरी आलो, आंघोळ केली, जेवलो. रोजच्यापेक्षा दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. बायको माझ्याकडे बघत राहिली. अजून बघतेय. ती तिकडे बसलीये, तिसऱ्या रांगेत.

माझ्या आधी बोलले त्यांनी सांगितलं की मिलिंदच्या ड्रॉइंगमध्ये कधी एक मिलिमीटर चुकला नाही. खरंय. कॉलनीचं पाणी त्याने कसं आणलं तेही सांगून झालं. माझ्या वाट्याला उरलंय ते त्याचं रविवारचं प्रकरण. तुमच्यातले निम्मे लोक त्याला 'मिलिंदचं पोरकट काहीतरी' म्हणायचे. मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे. त्यातलं माझं एक काम राहून गेलंय. ते मला आज इथे, तुमच्यासमोर करायचंय. त्याच्या फोटोशेजारी ही निळी वही ठेवलीये ना, ती त्यासाठी. वहिनींनी मघाशी दिली. मी ती अजून उघडलेली नाही. का नाही उघडली, ते कळायला तुम्हाला थोडं मागे यावं लागेल.

लहान मुलं भातुकली खेळतात. आमचं तसंच होतं. फक्त आम्ही तिशीला आलेले बाप्ये होतो, आणि भांड्यांच्या जागी आमच्याकडे एक जहागिरी होती.

मिलिंदचा मावसभाऊ अमेरिकेहून आला होता, तो जाताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक विसरून गेला. पहिली तीसेक पानं नव्हतीच. खेळाचं पुस्तक. त्यात पट नाही, पत्ते नाहीत. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. राजाने आपल्याला सरहद्दीवरची उजाड जहागीर दिलीये, पलीकडे जंगल, जंगलात राक्षस, आणि आता ती चालवून दाखवा. मिलिंदने दिवाळीच्या अख्ख्या सुटीत डिक्शनरी घेऊन ते पुस्तक वाचलं. मग बंद करून कपाटात टाकलं. म्हणाला, 'यातली ती परकी भुतं आपल्याकडे कशाला येतील? आपल्याकडे खवीस आहेत की.' आणि त्याने सगळं नव्याने मांडलं.

जहागिरीचं नाव धुकेरी. आप्पा, इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तुम्ही त्याला वाढवलंत. दारातलं झाड दिसत नाही असं धुकं त्याने लहानपणी पाहिलं. ते सगळं त्याने धुकेरीत आणून ओतलं.

नकाशा त्याने ड्रॉइंग सेक्शनच्या रद्द झालेल्या प्रिंटच्या पाठीमागे काढला. एक कागद संपला की दुसरा चिकटवायचा. दहा वर्षांत तो कागद खाटेएवढा झाला. प्रत्येक ओढा, प्रत्येक चौकी, प्रत्येक पायवाट त्याने टोकदार पेन्सिलने, स्केलमध्ये काढली होती.

आम्ही तिघे. मी जहागीरदार. भद्रकालीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान असलेला आमचा अन्वर सेनापती. आणि दिंडोरीचा किशोर कोठावळा, म्हणजे धान्याची कोठारं त्याच्या ताब्यात. तो द्राक्षवाला, त्यामुळे माल किती दिवस टिकतो यावर त्याच्याशी वाद घालायची सोय नव्हती. दोघेही इथे बसलेत, खिडकीपाशी. बाकी सगळं मिलिंद. शत्रू मिलिंद. पाऊस मिलिंद. दाराशी तक्रार घेऊन आलेली म्हातारी, तीही मिलिंदच. आणि म्हातारी झाला की तो खरंच म्हातारीसारखा दिसायचा, शपथ सांगतो.

दर रविवारी दुपारी चार वाजता. त्याच्या जेवणाच्या टेबलावर. त्र्याण्णव सालापासून.

लोकांना काय काय वाटायचं! आप्पा, तुम्हाला तो मटका वाटायचा. कारण आकड्यांची पिशवी होती. हाऊजीचे लाकडी आकडे असतात ना, त्यातले एक ते वीस त्याने एका काळ्या पिशवीत घातले होते. काही अवघड करायचं असलं की मिलिंद पिशवीत हात घालायचा. मोठा आकडा निघाला तर जमलं, लहान निघाला तर फसलं. तुम्ही एकदा ती पिशवी गव्हाच्या डब्यात लपवलीत. धुकेरीत दोन आठवडे काहीच घडलं नाही त्यामुळे.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा ऐकलं, 'उत्तरेच्या चौकीवर हल्ला, वीस माणसं गेली.' त्यांनी पोलिसांत कळवलं. एक हवालदार आला. भिंतीवर नकाशा, त्यावर लाल टाचण्या. मिलिंदची बोबडी वळली. त्याने तासभर सगळं समजावून सांगितलं. हवालदार नकाशासमोर उभा राहिला, बराच वेळ. मग म्हणाला, 'ते ठीक आहे हो. पण नदीच्या अंगाला पहारा का नाही ठेवला?' मिलिंदने ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या रविवारी खवीस नदीच्या अंगानेच आले.

आणि अन्वर. तो एकदा एसटीडी बूथवरून मोठमोठ्याने बोलत होता, 'मिलिंदभाई, पूलपर दोसौ आदमी खडा करो, मी येतो चार वाजेपर्यंत!' बूथवाल्याने त्याला पुन्हा कधी आत घेतलं नाही.

हसा. मिलिंदला चाललं असतं.

आता नियम सांगतो. तीनच होते. पहिला, बोललं ते झालं. टेबलावर तोंडातून हुकूम निघाला की तो मागे घ्यायचा नाही. दुसरा, निघालं ते खरं. पिशवीतून आकडा एकदाच काढायचा. आवडला नाही म्हणून पुन्हा हात घालायचा नाही. आणि तिसरा. हुकमाचा निकाल, ज्याचा हुकूम त्यालाच सांगायचा. टेबलावरच सांगायचा. आणि चौघं असतानाच सांगायचा.

तिसरा नियम फार जाचक होता. अन्वरने एकदा घाटातल्या गढीला वेढा घातला आणि दुसऱ्या दिवशी टायफॉइडने आडवा झाला. तीन आठवडे. मिलिंद रोज संध्याकाळी संत्री घेऊन त्याच्या घरी जायचा, उशाशी बसायचा. अन्वर विनवायचा, 'यार, इतना तो बता, गढी मिळाली का नाही?' मिलिंद संत्रं सोलत म्हणायचा, 'टेबलावर.' अन्वरच्या अम्मी म्हणायच्या, हा कसला दोस्त, आजारी माणसाला छळतो. तिसऱ्या रविवारी अन्वरला आम्ही रिक्षातून आणला, उशी देऊन बसवला. मग मिलिंदने सांगितलं. गढी पहिल्याच दिवशी पडली होती.

तर असा माणूस. ड्रॉइंगमध्ये आणि खेळात त्याच्या लेखी फरक नव्हता.

आता पैलवाडी.

धुकेरीला एक नदी होती. नदीवर लाकडी पूल. अलीकडे आमचं ठाणं, बाजार, कोठारं, तीन हजार माणूस. पलीकडे जंगलाच्या तोंडाशी एक वाडी, पैलवाडी. चाळीस घरं. आम्हीच वसवली होती, लाकूडतोडीसाठी. मिलिंदने एका वहीत त्या चाळीस घरांतल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहिलं होतं. ही ती वही. ती तो आम्हालाही दाखवायचा नाही. जहागीरदाराला प्रत्येक घर कुठे माहीत असतं, म्हणायचा.

मंडळी, तुम्हाला माहीत नाही, पण तुमच्यातले बरेच जण पैलवाडीत राहत होते. मलाही हे फार उशिरा कळलं. कॅन्टीनचे रामभाऊ, तुम्ही तिथले लोहार होता. आप्पा, तुम्ही वेशीवर कंदील घेऊन उभे असायचात. खालच्या काकू, तुम्हीसुद्धा. तुमचं तिथे पिठाच्या गिरणीशेजारी घर होतं. त्याला नवी नावं सुचत नव्हती की त्याला तुम्हा सगळ्यांना तिथे न्यायचंच होतं, ते मला सांगता येणार नाही. विचारायचं राहिलं.

दोन हजार तीन साल. त्या आठवड्यात आमच्या शॉपवर तीनच्या दोन शिफ्ट झाल्या होत्या. मी नवा नवा सुपरवायझर. 'उद्यापासून येऊ नका' हे मलाच सांगायला लावलं होतं. शनिवारपर्यंत सांगत होतो. रविवारी चार वाजता मी टेबलावर येऊन बसलो तेव्हा माझं डोकं रिकामं होतं.

मिलिंदने परिस्थिती सांगितली. जंगलातून खविसांची फौज येतेय. एवढी मोठी यापूर्वी आली नव्हती. पूल राखायचा की जाळायचा? राखला तर ठाणंही जाऊ शकतं. जाळला तर ठाणं वाचेल, पण पैलवाडी पलीकडे अडकेल. अन्वर म्हणाला, राखू. किशोर म्हणाला, 'आधी माणसं अलीकडं घ्यावा, मंग जाळावा. लय वेळ नाय लागायचा.' दोघं भांडायला लागले. मिलिंद माझ्याकडे बघत होता. हुकूम माझा होता.

मी म्हणालो, 'जाळ रे. चाळीस घरंच तर आहेत.'

चाळीस घरंच तर आहेत. हे मी बोललो. शब्द माझेच आहेत, फिरवत नाही.

मिलिंद म्हणाला, 'विचार कर.' मी म्हणालो, 'केला. पुढे चल.' मग त्याने ही वही काढली. आणि पहिल्यांदाच वाचायला लागला. पहिलं घर, अमुक. दुसरं घर, तमुक. एक एक नाव, त्या त्याच्या शांत आवाजात. ओळखीची नावं यायला लागली. अठरावं घर आलं. 'सुईणबाई. सरूबाई.'

सरूबाई माझी आई. दोन वर्षांपूर्वी गेली होती. मिलिंद बॅचलर होता तेव्हा तिच्या हातचं थालीपीठ खाऊन त्याने दिवस काढले होते. ती खरंच सुईणपण करायची, पंचवटीत अर्ध्या आळीची बाळंतपणं तिच्या हातची. तिला त्याने पैलवाडीत नेऊन ठेवलं होतं. मला न सांगता.

मी म्हणालो, 'हुकूम मागे घेतो.' तो म्हणाला, 'बोललं ते झालं.' मी म्हणालो, 'मिल्या, मी मागे घेतो म्हणतोय.' तो म्हणाला, 'पूल जळतोय, पम्या. आता एकच आहे. पलीकडच्यांना नदीचा उतार सापडला तर ते चालत येतील. अठरा किंवा वर लागेल.' आणि त्याने पिशवीत हात घातला. आकडा काढला, बघितला, मूठ मिटली.

मी खुर्ची मागे सारून उठलो. म्हणालो, 'तुझे नियम तुझ्यापाशी ठेव. माझ्या आईला यात आणायचा तुला काय अधिकार? ती खोटी माणसं आहेत. कागदावरची. आणि तुला माणसांपेक्षा नियम मोठा.' तो मूठ तशीच धरून उभा राहिला. 'निकाल ऐकून जा,' म्हणाला. 'ऐकून जा, पम्या.'

मी गेलो. चपला हातात घेऊन जिना उतरलो. मला थांबवायला अन्वर आणि किशोरही मागोमाग खाली आले.

चार वर्षं गेलो नाही.

आता तुम्ही म्हणाल, भांडण झालं, बोलणं बंद झालं. तसं नाही ना! दुसऱ्या दिवशी सोमवारी आम्ही कॅन्टीनला समोरासमोर बसून जेवलो. चार वर्षं रोज जेवलो. रामभाऊ, तुम्ही साक्षीला आहात. संक्रांतीला तो घरी यायचा. माझ्या मुलीचं ॲडमिशन त्यानेच करून दिलं. आम्ही सगळ्यावर बोललो, फक्त पैलवाडीवर नाही. रोज माझ्यासमोर बसणारा माणूस, ज्याच्याजवळ माझा निकाल होता. त्याने सांगितला नाही, कारण कॅन्टीनचं टेबल म्हणजे ते टेबल नव्हे. आणि मी विचारला नाही, कारण अठरा कुठून येणार होतं? मला वाटायचं, मुठीत होता तो दोन नाहीतर तीन. मला वाटायचं, हा मला शिक्षा करतोय.

खेळ चालू होता. तिघांत. पण पैलवाडीवर जायला त्याने कुणालाच परवानगी दिली नाही. किशोर मला एकदा सीबीएस स्टँडवर भेटला. म्हणाला, 'पम्या, चार वर्सं झाली, तो म्हनतो पैलवाडीवर धुकं हाय. एवढं धुकं इगतपुरीत बी नसतं भो. तू आल्याबिगर काय कळायचं नाय. ये ना एकदा.' मी म्हणालो, 'बघू.'

मग त्याच्या किडन्या गेल्या. ते तुम्हाला सगळं माहीत आहे.

शेवटच्या महिन्यात मी हॉस्पिटलला गेलो. दुपार होती. वहिनी डबा आणायला घरी गेल्या होत्या. त्याचा चेहरा सुजला होता, पण चष्मा चढवलेला. खाटेवर सरकवतात ना ते चाकांचं टेबल, त्याच्यावर हात ठेवून म्हणाला, 'हे चालेल.' मी म्हणालो, 'काय चालेल?' म्हणाला, 'टेबल. रविवारी ये. अन्वर, किशोर येणार आहेत. तुला एक सांगायचंय.' मी म्हणालो, 'आत्ता सांग ना मिल्या.' म्हणाला, 'ते दोघं कुठे आहेत?' त्याही अवस्थेत! मला हसू आलं. मी म्हणालो, 'येतो.'

बोललं ते झालं. हा त्याचा पहिला नियम.

रविवारी मी गेलो. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेलो. किशोरची मोटरसायकल आत लावलेली दिसली. अन्वरची स्कूटर तिच्या शेजारी. मी तिथे उभा राहिलो, आणि परत फिरलो. मशीन बंद पडलंय, कारखान्यात अडकलोय, असा फोन केला. कुठलंही मशीन बंद पडलं नव्हतं, वहिनी. मी घाबरलो होतो. चाळीस घरं मेली, हे त्याच्या तोंडून, त्या शांत आवाजात मला ऐकायचं नव्हतं. एवढा मोठा माणूस मी, दीडशे जणांचं शॉप चालवतो, आणि हाऊजीच्या एका आकड्याला घाबरलो.

अन्वरने नंतर सांगितलं, वही उशाखाली होती. पाच वाजेपर्यंत त्याने वाट बघितली. मग म्हणाला, 'बरं. पुढच्या रविवारी.' पुढच्या रविवारी तो आयसीयूत होता. मंगळवारी गेला.

त्या दोघांनाही निकाल माहीत नाही. वहिनींनाही नाही. वहिनींनी ही वही मघाशी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, 'भाऊजी, यांनी सांगितलं होतं, प्रमोदला द्या, पण घरी वाचू देऊ नका.' बस्स, एवढंच.

म्हणून मी ती आज इथे उघडतोय. टेबल आहे. अन्वर, किशोर, इकडे या. या, जवळ उभे राहा. तो फोटोत आहे. चौघं झालो. निकाल वाईट असेल तर असू दे. माझा आहे. चार वर्षांनी का होईना, मला तो उभं राहून ऐकू द्या.

शेवटचं पान आहे. खूण घातलीये.

वाचतो.

'पैलवाडी. हुकूम: जहागीरदार. पूल जाळला. अठरा किंवा वर.'

खाली आकडे आहेत. एकाखाली एक.

'चार.'

चार. म्हणजे मुठीत चार होता. गेले सगळे.

थांबा. खाली अजून आहेत.

'अकरा. सहा. दोन. तेरा. नऊ. अठरा.'

अन्वर, हे तूच बघ. मी नीट वाचतोय ना? चारच्या खाली अजून सहा आहेत ना?

बरं.

पुढे लिहिलंय. वाचतो. 'सरूबाई सुईण दोन्ही तीरांवर बाळंतपणाला जायच्या. त्यांना उतार माहीत होता. त्या पुढे झाल्या. चाळीस घरं अलीकडे आली. एकही माणूस कमी नाही. कंदील घेऊन आप्पा सगळ्यांच्या मागे आले.'

आणि त्याखाली एक ओळ आहे. तारीख त्याच रविवारची. पेन्सिलने.

'तो गेल्यावर मी पुन्हा पुन्हा हात घातला. नियम मोडला. पम्याला टेबलावर, सगळ्यांसमोर सांगायचं.'

एक मिनिट द्या मला. नाही, पाणी नको. किशा, हात धर.

मी त्याला म्हणालो होतो, तुला माणसांपेक्षा नियम मोठा. एवढं म्हणून मी जिना उतरत होतो. आणि तो वर सातव्यांदा पिशवीत हात घालत होता.

आप्पा, वहिनी, रामभाऊ, काकू. तुम्ही सगळे अलीकडे आहात. त्याने आणलं.

मिल्या, निकाल ऐकला. नमस्कार तुला.

मंडळी, आपण सगळे उभे राहूया. घड्याळ मी बघणार नाही. वहिनी खाली बसतील तेव्हा आपण बसू.